पेटीत कुलूपबंद केलेल्या गोळ्या

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, देवापुढेही नाही — देवापुढे तर मुद्दामच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझा धाकटा भाऊ मुरली आमच्याकडे अण्णा नगरला राहतो. त्याला एचआयव्ही आहे. रोज रात्री एक गोळी घ्यायची, की माणूस धडधाकट — आणि तो होताही. नोकरी सुटलेली, राहायला माझ्या घरात, त्यामुळे माझा शब्द मोडत नसे. हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं. नवरात्रात आम्ही कोलू मांडतो, पायऱ्या लावून बाहुल्या बसवतो. रात्रीपर्यंत बायकांची ये-जा. नवऱ्या मुलाची आई केव्हाही येईल, गोळ्यांची बाटली बघेल, औषधाचं नाव वाचेल — मला धडकीच भरली. बाहुल्यांच्या रिकाम्या पेटीत मी बाटली ठेवली आणि कुलूप घातलं. "देवीचे दिवस आहेत, तेवढे होऊ दे," म्हणाले. देवीचं नाव पुढे केलं मी! त्याने मान डोलावली.

नवरात्र संपलं. पण पाहुणे संपले का? साखरपुडा, खरेदी, पत्रिका... घर रिकामं असलं आणि मला आठवलं, तर गोळी, नाहीतर राहिलीच. मध्ये डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकते का? तो काही बोलायच्या आत मीच म्हणाले — छे, कधीच नाही.

लग्न थाटात झालं. मग मुरलीला ताप आला, तो उतरेचना. क्षय निघाला. जुन्या गोळ्या आता लागू पडत नाहीत, सारखा खंड पडला की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. का चुकवल्या, त्यांनी विचारलं. मुरलीने माझ्याकडे पाहिलं — आणि आपणच कंटाळा केला, असं सांगितलं.

आणि मी? तेव्हा तरी बोलले का? नाही. उलट तिथेच त्याच्यावर खेकसले, जिवाची पर्वा नाही म्हणून. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "असू दे, अक्का." मला लाज वाटली.

आता गोळ्या बदलल्या, वाढल्या. तो अर्धा झाला आहे. जिन्यात मध्येच बसतो. रोज समोर उभं राहून गोळ्या घ्यायला लावा, असं डॉक्टरांनी मलाच बजावलं आहे. मी पाणी घेऊन उभी राहते. गिळून झाल्यावर तो आ करून, जीभ उचलून दाखवतो. मी वाकून तपासते आणि म्हणते, "उद्या चुकवू नकोस हं."