चोक झालेला ड्रिपर

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या आणि त्यांतून थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रिपर बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात रोहिणी अकरा वर्षं ग्राइंडरवर उभी होती. भंगार नळ्यांचा चुरा करणारं ते मशीन दिवसभर कानाशी किंचाळायचं. कानाला लावायला काहीतरी द्या, असं तिने सुपरवायझर रुपचंदभाऊंना तीनदा सांगितलं. "मागवलंय," हे उत्तरही तीनदाच मिळालं. तोवर तिचा डावा कान जवळजवळ गेला.

एकदा चहाच्या सुट्टीत रुपचंदभाऊंनी तिला डावीकडून दोन हाका मारल्या. ती वळली नाही.

"हा ड्रिपर चोक झालाय रे! ॲसिड सोडा लाईनीतून!" ते ओरडले. क्षार साचून चोक झालेले ड्रिपर तसेच साफ करतात.

सगळे खो खो हसले. शेजारी बसणारी हिनासुद्धा. रोहिणीच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती उठून मशीनकडे गेली.

आठवड्याभरात तिला झाडूकामाला लावलं. "चोक ड्रिपर कोणी लाईनवर ठेवतं का, रोहिणीबाई?" रुपचंदभाऊ म्हणाले. ते हसत नव्हते. ऐकणाऱ्यांनीही, बरोबरच आहे, अशा माना हलवल्या. आता मात्र तिला झोप लागेना. थट्टेत दिलेलं नाव बघता बघता नियम होऊन बसलं होतं.

शनिवारी मालक अभयकुमारशेठ मीटिंगला आले. काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारताच रोहिणी झाडू टाकून उभी राहिली. रागात तिच्या तोंडून साक्रीकडची माहेरची बोलीच आली.

"शेठ, ड्रिपर आपोआप चोक व्हस का? फिल्टर धोवानं काम कोनं शे?"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग, फिल्टर धुतला नाही की ड्रिपर चोक होतो आणि तो कोणी धुवायचा होता, हे उमगून सगळ्यांच्या नजरा रुपचंदभाऊंकडे वळल्या आणि हशा पिकला. शेठही हसले.

"हसू नका!" ती ओरडली. "मी गंमत करत नाही. माझा कान गेलाय. आणखी चौघांचा जाईल!"

हशा थांबला. शेठांनी मान खाली घातली.

चार दिवसांत कान झाकायची साधनं आली. रुपचंदभाऊंना कोणी काही बोललं नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेला कान परत येणार नाही. रोहिणीने भांडून नळ्या तपासायच्या टेबलावर कामाची जागा मिळवली.

"काय बोललीस गं! अजून सगळे तेच सांगून हसतात," हिना जेवणाच्या सुट्टीत म्हणाली.

"त्या दिवशी चहाच्या सुट्टीत तू का हसलीस?"

हिना चाचरली. "खरं सांगू? बहिरी म्हणाले असते तर नसते हसले. ड्रिपर म्हणाले, अन् मला ड्रिपरच दिसला. तू दिसलीच नाहीस."

रोहिणीने तिच्याकडे बघितलं. हिना खोटं बोलत नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिने आपला डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन एकटी जेवली. पुढचे कितीतरी दिवस ती तिथेच जेवत राहिली.