सुट्टीच्या कागदावरचा अंगठा

“सुई याच्याच हातात द्या. तो बरोबर शोधेल.”

राउंडवरचे मोठे डॉक्टर म्हणाले आणि भोवतीची शिकाऊ पोरं हसली. त्यांना माझ्या हातात शीर सापडत नव्हती. चार ठिकाणी टोचून झालं होतं. खाटेच्या पायथ्याशी माय डबा घेऊन उभी. तिला मी मलेरिया सांगितला होता. पोरगा नशेच्या सुया टोचून घेतो, हे तिला तेव्हा कळलं. तिनं डबा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रंगारी. सदर भागात एका इमारतीच्या परांचीवरून पडलो, कंबर धरली. गल्लीतला कंपाउंडर दुखण्याची सुई द्यायचा. दुखणं गेलं, सुई राहिली. मग मीच टोचू लागलो. कुणाचीही सुई, न उकळलेली. मांडीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, गाठीत पू. पाय भोपळ्यासारखा सुजला, थंडी वाजून ताप. दोष माझाच, नाही म्हणत नाही.

दर सहा तासांनी पेनिसिलिनची सुई सुरू झाली. सहाव्या दिवशी ताप उतरला. पण सिस्टरनं बजावलं होतं, ताप गेला तरी आतली घाण जात नाही. महिनाभर सुया लागतील. मध्येच सोडल्या तर पू छातीत चढेल.

सातव्या दिवशी वॉर्डातला लहान डॉक्टर घरी सोडायचा, सुट्टीचा कागद घेऊन आला. माझ्याकडे नाही, मायकडे. स्वतः एक अक्षर न गिरवता तिनं मला मॅट्रिक केलं होतं. तिच्या अंगठ्याला शाई लावूनही झाली होती. मी कागद ओढला. लिहिलं होतं, रुग्ण उपचार अर्धवट सोडून स्वखुशीने जात आहे.

“स्वखुशीनं कोण जाऊन राहिलं? तुम्ही हाकलून राहिले. तसं लिहा.”

“गर्दुल्ल्यांसाठी खाटा नाहीत,” तो म्हणाला.

मायचा अंगठा मी चादरीला पुसला.

दुपारी खाट गेली. व्हरांड्यात फरशीवर आलो. दोनची सुई आली नाही. हाका मारल्या, कोणी वळून बघितलं नाही. संध्याकाळी पुन्हा थंडी भरली. पाय जागचा हलत नव्हता.

“घरी चाल ना बाप्पा,” माय रडत म्हणाली. “काहून भांडून राहिला त्यायच्याशी?”

“नाही येत, माय. सुया पुऱ्या झाल्याबिगर नाही. मेलो त इथंच मरीन. मंग त्यायले लिहा लागन, सुई देली नाही म्हणून मेला.”