मी तं झोपली होती

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर आता गेला. तुम्हाला सांगते.

बारा वर्षांमागचा उन्हाळा. मी तेव्हा पंचावन्नची, अक्कल मात्र — असेल पाचची. मुलीची मुलगी माही अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आली होती. तिच्याजवळ हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता, तिनं पाहिलेल्या एका कार्टून सिनेमावरचा. तलवारवाली खार, आणि तिच्यावर चालून येणारे उंदीर. दुपारी कूलरच्या घरघरीत घर झोपलं की ही शहाणी बाई पोरीच्या उशीखालून गेम काढायची. मुंडकी उडवताना काय सुख व्हायचं, सांगू? एका उंदराला सासूचं नाव दिलं होतं, एकाला नणंदेचं. नणंदेला तर मी रोज कापायची. अंगठ्याला फोड आला; कुरड्यांचा सोऱ्या दाबून आला, म्हणून खपवला. हसा.

एका दुपारी मी भलतंच बटण दाबलं. महिनाभर खेळून माही शेवटच्या किल्ल्यापाशी पोचली होती — सगळं पुसलं गेलं. मी गेम उशीखाली सरकवला आणि डोळे मिटले.

माहीनं घर डोक्यावर घेतलं. संशय कोणावर येणार? सोनूवर — माझ्या मुलाची मुलगी, नऊ वर्षांची. तिला माही गेमला हात लावू देत नसे. मुलानं कूलरमध्ये पाणी भरायचा रबरी पाइप उचलला. पाठीवर, पोटऱ्यांवर. कातडी फाटली, फ्रॉकला रक्त लागलं. सोनू रडली नाही. माझ्याकडे पाहत होती.

"आजी खेळते रोज. म्या पायलं."

पाइप थांबला. मुलगा माझ्याकडे वळला. नुसतं हो म्हणायचं होतं — किती लागतं त्याला?

"मी तं झोपली होती," मी म्हणाले.

मग खोटं बोलली म्हणून सोनूला वेगळा मार. रात्री तिच्या पाठीला हळद-तेल मीच लावलं — त्याच फोडाच्या अंगठ्यानं.

सोनू आता अकोल्यात नोकरी करते. दर रविवारी तिचा फोन येतो. "आजी, जेवली का?" एवढंच विचारते, दुसरं कधीच नाही.

पण ते खोटं म्हणजे सगळं नव्हे. रुसलेल्या माहीनं गेम कपाटावर फेकला होता. दुसऱ्या दुपारी मी तो काढला, आवाज बंद केला आणि पहिल्यापासून सुरू केला. सोनू शेजारी पालथी पडली होती. तिला पाठ टेकवत नव्हती. तिचे डोळे उघडे होते. मी ते पाहिले — आणि उंदीर कापत राहिले.