मेजर कुमुद, आमची मावशी

गेल्या मंगळवारी सकाळी इथे ऑकलंडमध्ये, माउंट रॉस्किलच्या एका फ्युनरल होममध्ये बसले होते. समोर फॉर्म होता... आणि एका रकान्यापाशी येऊन मी थांबले. 'मुले किती?'

आदल्या दिवशी आमची कुमुदमावशी गेली. एकोणनव्वद वर्षांची होती. भारतीय सैन्यात नर्स होती, मेजर म्हणून रिटायर झाली. लग्न केलं नाही. आणि तरीही आम्ही तीन भावंडं तिचीच.

मी चार वर्षांची असताना आमची आई, म्हणजे मावशीची मोठी बहीण सुमन, काविळीने गेली. बाबा त्याआधीच गेले होते. दिवसकार्य झाल्यावर नातेवाइकांनी ठरवून टाकलं... दादा काकांकडे, सुहास आत्याकडे आणि मी मामांकडे.

मावशी तेव्हा पठाणकोटच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होती. दोन दिवसांचा प्रवास करून युनिफॉर्ममध्येच दारात उभी राहिली. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुलं वाटून घ्यायला ती काय भांडी आहेत? तिघंही माझ्याबरोबर येतील."

तिच्या मेसमध्ये, म्हणजे नर्सेसच्या निवासात, मुलांना परवानगी नव्हती. म्हणून तिने कॅन्टोन्मेंटच्या बाहेर दोन खोल्या घेतल्या, आम्हाला सांभाळायला एक बाई ठेवली. दर बदलीला नवं गाव, नवी शाळा, नवी भाषा... पण रविवारी सकाळी नखं तपासणं आणि चादरीचे कोपरे घट्ट खोचणं कुठल्याही गावात चुकलं नाही!

एका आर्मी डॉक्टरांनी तिला मागणी घातली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या काळी तिच्या नोकरीत लग्न केलं की राजीनामा द्यावा लागे. तिने नोकरी ठेवली... कारण त्या नोकरीवर आम्ही तिघं जेवत होतो. याबद्दल विचारलं की म्हणायची, "माणूस चांगला होता. पुढे बोला."

मी सात वर्षांची असताना एकदा तिला 'आई' म्हणून हाक मारली. तिने मला जवळ बसवलं, पेटीतून सुमनचा फोटो काढला आणि म्हणाली, "आई ही. मी मावशी. मला हे प्रमोशन नको." रागावली नव्हती, डोळे भरले होते तिचे. त्यानंतर आम्ही कुणीच तिला आई म्हटलं नाही.

माझी ईशा झाली तेव्हा मावशी ऑकलंडला माझ्याकडे आली, सत्तरीची होती. सहा महिन्यांसाठी आली आणि इथलीच झाली. साडी आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून रोज डेअरीपर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, चालत जायची. सगळ्यांना 'किया ओरा', म्हणजे इथल्या माओरी लोकांचा नमस्कार, म्हणायची, पण असं की समोरचा ताठच उभा राहावा!

...तर तो फॉर्म. सुहास ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबीहून पहिल्या फ्लाइटने आला होता. शेजारी बसून म्हणाला, "तीन लिही ना. विचार कसला करतेस?"

"मावशीला चाललं असतं?" मी विचारलं. शून्य लिहायला हात धजेना. तीन लिहावं, तर जो मान तिने आयुष्यभर बहिणीसाठी राखून ठेवला, तोच आपण तिच्या माघारी काढून घेतोय असं वाटत होतं.

समोर आरोहा बसली होती, तिथली व्यवस्था बघणारी माओरी बाई, साधारण माझ्याच वयाची. काय अडलंय, तिने विचारलं. मी सांगायला लागले आणि सगळंच सांगून बसले... पठाणकोट, दोन खोल्या, फोटो.

ती म्हणाली, "आमच्यात याला फांगाई म्हणतात. घरातल्याच कुणीतरी मूल घेऊन वाढवायचं. पण जन्म देणारीचं नाव कुणी झाकत नाही, मुलाला दोघीही असतात. मलाही माझ्या मावशीनेच वाढवलंय."

तिच्या भाषेत यासाठी एक सरळ, रोजचा शब्द होता. पन्नास वर्षं मी हे नातं लोकांना समजावून सांगत आले होते... आणि तिला दोन मिनिटांत कळलं.

सरकारी फॉर्मवर मात्र नियमाप्रमाणे शून्यच पडलं. सुहास उठून खिडकीपाशी गेला, पाठ करून उभा राहिला. आरोहाने फॉर्म बाजूला ठेवला, एक कोरा कागद पुढे सरकवला. "हे अंत्यविधीच्या दिवशी वाटायचं पत्रक. यावर तुम्ही सांगाल तेच छापलं जाईल."

सुहासने खिडकीपासूनच सांगितलं, मी लिहिलं. 'मेजर कुमुद. आर्मी नर्स. सुमनच्या तीन मुलांना वाढवणारी मावशी.' नाशिकहून दादाने व्हिडिओ कॉलवर ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "एक अक्षर बदलू नका."

शुक्रवारी वीसेक माणसं येतील असं वाटलं होतं, हॉल भरला. ईशाने ते पत्रक मराठीत वाचलं. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी मुलगी... 'वाढवणारी' या शब्दावर थोडी अडखळली, पण थांबली नाही. शेवटी आरोहा पुढे आली, थेट शवपेटीतल्या मावशीकडे बघून माओरीत काहीतरी बोलली. आम्हाला त्यातलं 'मेजर कुमुद' एवढंच कळलं, आणि तेवढं पुरलं.

बाहेर पडताना एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी हात हातात घेऊन विचारलं, "तुमच्या आई का?"

आयुष्यभर या प्रश्नाला मी लांबलचक उत्तर दिलं. मावशी, पण आईसारखीच, म्हणजे काय झालं, आम्ही लहान असताना...

या वेळी म्हटलं, "नाही. मावशी." आणि पुढे काहीच जोडावंसं वाटलं नाही.