पाया पड, पण लांबूनच

बाळाचं डोकं माझ्या हातात होतं, तेव्हा म्हातारीनं मला जात विचारली.

बाळंतिणीची सासू ती. सकाळपासून कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत होती. "गाव कंचं गं तुझं?" मी म्हणाले, जतकडचं. "कुणाची तू?" माझं ध्यान नाळेवर होतं. नाळेचा फास बाळाच्या गळ्याला पडला होता.

"आगं, इचारतीय न्हवं मी! जात कंची?"

"महार."

खोटं सुचलं नाही. सुचायला सवड नव्हती.

म्हातारी किंचाळली. "सोड! सोड माझ्या नातवाला! आरं, या की आत कुणीतरी! बाटवलं रं समदं, बाटवलं!"

सोडू कशी? खांदे अडकले होते. सोडलं असतं तर पोर तिथंच निळं पडलं असतं. टेबलावरच्या पोरीचं नाव हौसा. माझ्याहून लहानच असेल. तिनं माझा दंड घट्ट धरला होता. "बाई, जाऊ नगा. मला सोडून जाऊ नगा, बाई."

"जोर कर," मी म्हणाले. "तिकडं बघू नको. जोर कर."

दार आपटलं. तिचा नवरा आत आला. जिथं बाप्यानं पाऊल टाकायचं नसतं तिथं पायताणासकट आला. लढाईवरून रजेवर आलेला हवालदार. त्यानं कमरेचा पट्टा काढला. लष्करातला, रुंद, पितळी बकलाचा. पहिला फटका पाठीवर बसला. मग मानेवर. मी बोटानं फास सैल केला, डोक्यावरून काढला. पुन्हा पाठीवर. माझं पोलकं फाटलं ते मला कळलं, पण हात कसे काढणार? दोन्ही हात पोरात गुंतलेले. मारणाऱ्याला ते दिसत होतं. म्हणून तर तो सावकाश मारत होता.

खांदा सुटला. पोर बाहेर आलं. त्याच्या नाकातोंडातली घाण काढली. नाळ बांधली, कापली. त्याला आईच्या पोटावर ठेवलं आणि उजवा हात मागं घेते तेवढ्यात बक्कल हातावर आलं. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

पोर रडलं. लय जोरात रडलं.

दारात डॉक्टर उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. ते म्हणाले, "सिस्टर, तू बाहेर जा."

मला म्हणाले. मारणाऱ्याला नाही.

मी तिथं कशाला होते ते सांगते. गाव सातारा जिल्ह्यातलं, उसाचं. नाव घेत नाही. इस्पितळ त्या डॉक्टरांच्या मालकीचं. मी नर्सिंग शिकले ते सांगली संस्थानात, मिशनच्या दवाखान्यात. तिथं परीक्षा झाली, पास झाले, दाखला मिळाला. पण तो दाखला संस्थानापुरता. सांगलीत राजाचं राज्य, साताऱ्यात इंग्रजाचं. हद्द ओलांडली की मी पुन्हा कुणीच नाही. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात नर्स म्हणून काम करायचं तर मुंबईला नाव नोंदवून परवाना घ्यायचा. त्यासाठी इलाख्यातल्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करून त्याची सही आणा, असं मला सांगितलं होतं. संस्थानात मला जागा मिळेना. म्हणून मी आगगाडीत बसून इकडं आले. उमेदवारी संपत आली होती. सही तेवढी राहिली होती.

माझा बाप येसकर. गावाची वेस राखायचा. पाटलाच्या दारापुढं लांब उभा राहायचा, काठी आडवी ठेवायचा, कमरेत वाकायचा. "जोहार, मायबाप." मी टोपली घेऊन त्याच्या मागं उभी असायची. भाकरी वरनं पडायची टोपलीत. एखादी मातीत पडली तर बाप उचलायचा, फुंकायचा, टोपलीत टाकायचा. त्याच बापानं मला मिशनच्या दारात नेऊन सोडलं. म्हणाला, "हितं ऱ्हा. माज्यागत हू नगंस."

त्या दिवशी मी इस्पितळाच्या मोरीपाशी जाऊन बसले. पाठीवरचं रक्त सुकून कापड चिकटलं होतं. हात सुजून टम्म. इस्पितळ होतं ते. आत पट्ट्यांनी भरलेलं कपाट होतं. कुणी आलं नाही. कंपाउंडर बादली भरायला आला, बघितलं, बादली तशीच टाकून गेला. शेवटी आया आली, शेवंताबाई. लांब उभी राहून रडायला लागली.

"बाई, म्या कशी बांदू? मला बी काडून टाकतील वो."

तिनं पट्टीची गुंडाळी जमिनीवर ठेवली आणि पळाली. जीभ दाबायची लाकडी पट्टी माझ्या खिशात होती. ती बोटांखाली धरली. गुंडाळीचं टोक दातात घेतलं आणि डाव्या हातानं बांधलं. ओरडले नाही. कुणासाठी ओरडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बोलावलं. हाताकडं त्यांनी बघितलं नाही.

"तू जात लपवलीस."

"तुम्ही विचारली नव्हती."

"मिशनची म्हणजे ख्रिस्ती, असं धरून चाललो मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मोठी माणसं आहेत ती. बाहेर बसली आहेत. पाया पड, चुकले म्हण. आजच्या आज सही करतो."

मी गेले. सही पाहिजे होती मला.

व्हरांड्यात म्हातारी खुर्चीवर बसली होती. हवालदार तिच्या बाजूला पायरीपाशी उभा. ओट्याखाली गावची माणसं जमलेली. तमाशाला जमावीत तशी. मी पुढं झाले. वाकले. एक गुडघा फरशीला टेकला. पायाला लावायला हात पुढं केला.

म्हातारीनं दोन्ही पाय झटकन वर घेतले, इंगळी दिसावी तसे.

हवालदार ओरडला, "ए! शिवू नगंस! लांबनंच पड पाया!"

ओट्याखालची माणसं हसली.

काल त्यांच्या सुनेच्या अंगातून मी त्यांचा वंश ओढून काढला होता. तो पाळण्यात घालणार होते. आणि माझी माफी लांबून. माझ्या बापाचा जोहार आठवला. जन्मभर तो लांबूनच वाकला. कमरेत बाक आला त्याच्या. वाकला म्हणून कुणी त्याला पायरी चढू दिली? मग मी कशासाठी वाकतेय? एका सहीसाठी? आज सहीसाठी वाकले तर उद्या पगारासाठी वाकेन, परवा पाण्यासाठी.

मी उठले.

"पडत नाही."

"काय म्हनलीस?"

"पाया पडत नाही. जवळनं नाही, लांबनं नाही."

त्यानं पट्टा काढला. सगळे बघत होते. डॉक्टरही. पण आज माझ्या हातात पोर नव्हतं. ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

पट्टा आला तसा मी डाव्या हातानं धरला. मनगटाभोवती वेढा घेतला आणि सगळ्या अंगानं मागं ओढला. तो पायरीवरून तोंडावर आपटला. पट्टा माझ्या हातात राहिला. मी तो उलटा केला, बक्कल पुढं, आणि हाणला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. त्यानं वर बघितलं. महाराची बाई आपल्याला मारतेय हे त्याच्या मनाला खरं वाटत नव्हतं. खरं वाटावं म्हणून मी आणखी एक हाणला. खोटं कशाला सांगू? बरं वाटलं मला.

मग माणसं माझ्यावर पडली. केस धरून फरफटत नेलं. लाथा घातल्या. पोटात, तोंडावर. पुढचा दात गेला. डॉक्टर म्हणत होते, "अरे, आवारात नको, आवारात नको."

आवाराबाहेर नेऊन मारलं.

पोलीस चौकीवर फौजदारानं हवालदाराची फिर्याद घेतली. माझी घेतली नाही. मी मोडलेली बोटं पुढं केली.

"दारात सापडली असतील," तो म्हणाला.

खटला उभा राहिला. माझ्या बाजूनं बोलायला वकील मिळाला नाही. मॅजिस्ट्रेटनं हौसाला बोलावलं. ती पदर डोळ्यांपर्यंत ओढून आली, पोर काखेत. पोर बाळसं धरलेलं. तिला विचारलं, आदल्या दिवशी या बाईला कुणी मारलं का?

हौसानं माझ्याकडं बघितलं. मग सासूकडं बघितलं.

"म्या सुद्दीवर नव्हते."

शुद्धीवर होती ती. माझा दंड धरून होती. तिच्या नखांचे वण माझ्या दंडावर होते. मला तिचा राग आला. अजून आहे. पण पदर सरकला तेव्हा तिच्या गालावरचा ताजा वळ मला दिसला. तोही पट्ट्याचाच.

कोर्ट उठेपर्यंत कैद, अशी शिक्षा झाली. कोर्टातच भिंतीकडंला फरशीवर बसवून ठेवलं. येणारे-जाणारे बघून जात. थोडक्यात सुटलीस, असं शिपाई म्हणाला. सही गेली ती गेलीच. वर शिक्षा झालेली बाई, हा शिक्का बसला.

मी सांगलीला परत आले. मिशनच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून राहिले. त्या शिक्क्यामुळं नर्सची टोपी नाही, नर्सचं नाव नाही. पुढं इंग्रज गेला. मग संस्थानही गेलं आणि सांगली मुंबई इलाख्यात आली. हद्द उरली नाही. मला वाटलं, आता माझा दाखला इकडं चालेल. नाव नोंदवायला अर्ज केला. मुंबईला बोलावणं आलं.

टेबलापलीकडं खादी घातलेले साहेब होते. बोलायला मऊ. त्यांनी मला खुर्ची दिली. माझा दाखला बघितला, मान डोलावली. मग विचारलं, "शिक्षा झाली होती?"

"झाली होती."

"कशाबद्दल?"

मी सगळं सांगितलं. ते खाली बघून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झाला, हे खरं. पण नर्सनं हात उचलणं बरं नव्हे. पश्चात्ताप होतो, एवढं म्हणा. नोंद करून टाकू."

"होतो," मी म्हणाले.

त्यांनी टाक उचलला.

"गुडघा टेकला त्याचा होतो. मारल्याचा नाही."

टाक खाली ठेवला त्यांनी. "बाई, तुम्ही स्वतःचंच नुकसान करताय." दाखला माझ्याकडं सरकवला. नोंद झाली नाही.

मी पुन्हा अर्ज केलाय. पुन्हा बोलावतील. पुन्हा तेच विचारतील, कदाचित आणखी मऊ आवाजात. माझं उत्तर तेच राहील. परवाना माझ्या हक्काचा आहे आणि मी तो घेणार. उभ्यानं घेणार.