नव्या कॅम्परचा खटका

घरी कोणी चहाले बसलं का म्हणते, "आजी, गाडीचे किस्से सांगा ना!" मी काही जमा केले नाही बाप्पा. गाडी शोरूमात गेली का एक नवा किस्सा घेऊनच वापस येये. लोकायले हासू येते. मले अजून राग येते!

आमचे बुढे प्लांटमधून रिटायर. पाठीचा कणा गेला, बसणं होत नाही, निजूनच राहतात. त्यायची मोठी बहीण गोंदियाले. तीही खाटेवर. एकमेकाले एकदा डोळ्यानं पाहावं, एवढंच दोघायचं म्हणणं. म्हणून आमच्या पोरानं, सुधाकरनं, नवी कॅम्पर घेतली. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी, चाकावरचं घरच! म्हटलं, आता बुढा निजल्या निजल्या गोंदियाले पोचते.

*

गाडी घ्यायच्या दिवशी शोरूमची पोरगी नारळ-कुंकू घेऊन आली. आम्ही बौद्ध. म्हटलं, "राहू दे बेटी." तिथंच उभ्या उभ्या त्रिशरण-पंचशील म्हटलं अन् घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सुधाकरनं अंगणात पाइप लावून गाडी धुतली. धुतली बाहेरून, भिजली आतून! गादी निथळून राहिली.

शोरूमचा मॅनेजर टाय सरळ करत छताकडे पाहे. म्हणते कसा, "अम्मा, नारियल नहीं फोड़ा ना आपने, इसीलिए।"

माह्या तळपायाची आग मस्तकात! म्हटलं, "नारियल से छत का रबर चिपकता है क्या? तो कंपनी में रबर काहे लगाते हो, नारियल ही लगाओ!"

*

मंग नळ. नळ खोलला का पाणी बेसिनात नाही, ड्रायव्हरच्या पायाखाली!

मेकॅनिक आला, वाकला, फोटो काढला. "कंपनी को भेजेंगे, अप्रूवल आएगा।" पुढच्या खेपेले दुसरा मेकॅनिक, पुन्हा फोटो. माह्या लग्नात एक फोटो निघाला नाही, अन् ह्या नळाचा अल्बम झाला!

आमचा सुधाकर बाजूले उभा राहून नुसता "जी सर, जी सर." बाहेर आल्यावर म्हटलं, "कावून रे, गाडी तू घेतली का गाडीवाल्यानं तुले घेतलं?"

"माय, जाऊ दे ना. झगडा करून काम होते का?"

"न करून कोणतं झालं?"

*

नळानंतर पलंग. पलंग भिंतीतून खाली ओढायचा, खटका लागला का पक्का, असं शिकवलं होतं. गोंदियाच्या आधी इथंच जवळ बोरसीपर्यंत जाऊन पाहू म्हटलं. रस्त्यात म्हैस आडवी आली. सुधाकरनं ब्रेक मारला, खटका सुटला, पलंग भिंतीले अन् बुढा खाली!

पडल्या पडल्या इचारतात, "गोंदिया आलं का?"

सुधाकरले हासू आलं. मले नाही. कोपर फुटून रक्त निघून राहिलं होतं.

मॅनेजर म्हणते, "अम्मा, ये गाड़ी पेशंट के लिए नहीं है।"

"अच्छा! तुम्हारा पलंग सोनेवाले की बीमारी पूछके गिरता है?"

मंग म्हणे पार्ट नाही. कंपनीतून येईन, तवा लागंन. तिकडून ननंदेचा रोज फोन, "भाऊ निघाला का?" मले म्हणा लागे, "उद्या, आक्का." खोटं त्या मॅनेजरचं, बोला मले लागे!

*

एका दिवशी मी सुधाकरले म्हटलं, "गादी खाली टाक, बुढ्याले निजव, अन् चल." गाडी थेट शोरूमच्या दारात लावली. गॅस पेटवून चहा मांडला. मॅनेजर धावत आला, "अम्मा, यहाँ नहीं!"

"कावून नाही? रहने की गाड़ी बेची ना? रह रहे हैं।"

आत काचेमागं तशीच एक कॅम्पर सजवून उभी होती. दोघं नवरा-बायको पाहाले आले होते. ते तिच्याकडे पाहत, आमच्याकडे पाहत. मॅनेजरले घाम फुटला. "पार्ट आते ही मैं खुद फोन करूँगा, अम्मा।"

तेवढ्यात आक्काचा फोन वाजला. मी फोन त्याच्याच हातात देल्ला. "तुम ही बताओ इसको, इसका भाई कब आएगा।"

त्यानं कानाले लावला. "जी... जी अम्मा..." मंग एक शब्द बोलला हळूच, आमाले आयकू नाही आला. फोन वापस देल्ला, टाय काढून खिशात कोंबला, पाना मागितला अन् स्वतः काचेमागच्या गाडीत घुसला. तिच्या पलंगाचा खटका काढून आणला, आमच्या पलंगाले लावला, अन् वर बसून, उड्या मारून पाहिला. आमी तिथूनच गोंदियाच्या रस्त्याले लागलो.

पोचल्यावर बहीण-भावानं एकमेकाचा हात धरला, तो सोडलाच नाही. मीच इचारलं, "आक्का, त्या मॅनेजरले म्हटलं तरी काय तुमी?"

"मी काय म्हणू वं? त्याच्या मायचं नाव इचारलं फकत!"