जपानी मटण शिजलं तो दिवस

माझ्या स्वभावात एक खोड आहे. मला घाई असली की मी समोरच्याला दटावून मोकळी होते, आणि घाई मला नेहमीच असते. माझं शिवणकामाचं दुकान भोरला, घर भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात, चार घरांच्या वस्तीत. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. त्यामुळे सकाळच्या वेळी घरात माझं बोलणं म्हणजे हुकूमच असतो. आमचे हे टेम्पो चालवतात, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेर. मग तो हुकूम सासूबाईंच्या वाट्याला येतो. त्यांना मी आत्या म्हणते.

लेक जपानला आहे. तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना भरवायचं, अंघोळ घालायची, धरून चालवायचं, हे तिचं काम. एकदा तिनं व्हिडिओ कॉलवर एक वाटी दाखवली. मोठाले बटाटे, गाजर, कांदा, मांसाचे पातळ काप आणि तपकिरी रस. तिथल्या आज्यांना हे फार आवडतं म्हणाली, आपल्याकडच्या आमटीभातासारखं घरोघरी होतं. मांस कशाचं असं मी विचारलं, तर जरा थांबून म्हणाली, गायीबैलांचं. आत्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. दावणीला एक गाय आणि दोन बैल असलेलं आमचं घर. आत्या मोबाईलपासून हातभर मागं सरकल्या. लेकीनं लगेच सारवासारव केली की आई, तू मटण घाल, तसंच होतं. ती स्वतः तिथं काय खाते ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

पण मला ते करून बघायचंच होतं. लेक गेल्यापासून तिचा दिवस कसा जातो त्यातलं मला काही कळत नव्हतं. निदान तिच्या स्वयंपाकाला वास कसला येतो तेवढं तरी कळावं असं वाटत होतं. मग तिनंच ऑनलाइन मागवून दुकानाच्या पत्त्यावर विजेवरचा स्लो कुकर पाठवला. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, बाहेर एक बटण. त्यात सगळं एकदम घालायचं, बटण बारीकवर ठेवायचं आणि आठ तास त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. झाकण उघडलं की वाफ जाते आणि शिजणं लांबतं. मला तर हे माझ्यासाठीच काढलेलं यंत्र वाटलं. सकाळी लावायचं, दुकानात जायचं, संध्याकाळी येऊन जेवायचं.

आता आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. तो आत्यांनी घातलेला. शेवटचं माणूस घराबाहेर पडताना विजेचं मेन बटण बंद करतं. कितीही उशीर झालेला असो. लेक शाळेत होती तेव्हा एका दुपारी वायर जळून आमचा गोठा पेटला होता. गोठा घराला लागूनच आहे. आत्या विळा घेऊन त्या धुरात शिरल्या, दोन जनावरांची दावी कापून त्यांना बाहेर हुसकलं. तिसरी गाभण गाय होती, ती आतच राहिली. आत्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत अजून चुरगळलेली आहे. त्यानंतर नवं वायरिंग झालं ते गोठ्याचं आणि पुढच्या खोलीचं. स्वयंपाकघरातलं जुनंच राहिलं. करू करू म्हणत राहून गेलं.

एरवी आत्या सातलाच गुरं घेऊन रानात जातात. त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता, म्हणून त्या घरी होत्या आणि गुरं दावणीला होती. घरात माणूस आहे म्हणूनच मी तो दिवस निवडला. बटाटे चिरले, मटण घातलं, गाजर, कांदा, सोयाचा काळा सॉस, साखर. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. हळद नाही, मीठमसाला नाही, हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. मी पिन बोर्डात खुपसली, बटण फिरवलं, लाल दिवा लागला.

"दिवसभर चालूच ठिवायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, होय, दिवसभर.

"आन म्या भाईर गेले तर मेन?"

एसटीचा हॉर्न खालच्या वळणावर वाजत होता. मी वैतागले. म्हटलं, "आत्या, तुमी कुठं जाणार हाय? याला हात लावायचा न्हाई, झाकण उघडायचं न्हाई, बंद करायचं न्हाई. एवढं ऐका माझं." आणि पिशवी उचलून पळाले.

त्या दिवशी दुकान नव्हतं. सारोळ्याच्या एका शाळेचे गणवेश पोचवायचे होते. भोरला गाडी बदलून किकवीवरून सारोळ्याला पोचेपर्यंत साडेअकरा झाले. गणवेश मोजून दिले. दोन फ्रॉक चुरगळले होते, म्हणून तिथल्या बाईंनी इस्त्री मागवली. मी एक फ्रॉक केला, दुसरा केला, आणि शिपाईमामांनी पिन काढायला हात घातला तो झटकन मागं घेतला.

"लई तापलीया," ते म्हणाले.

एवढंच. पण मी हातातला फ्रॉक तसाच खाली ठेवला. आमच्या स्वयंपाकघरातला बोर्ड तापतो. मिक्सर दोन वेळा लागोपाठ फिरवला की तिथल्या पिनेला चटका बसतो. हे मला ठाऊक होतं, गेली कित्येक वर्षं ठाऊक होतं, म्हणून मी मिक्सरसुद्धा थांबून थांबून चालवते. आणि त्याच बोर्डात मी आठ तासांसाठी कुकर लावून आले होते. भिंतीपलीकडं गोठा. गोठ्यात तीन जनावरं बांधलेली. घरात गुडघा सुजलेली म्हातारी.

आत्यांना फोन लावला. पुढच्या खोलीत खिडकीशी थोडी रेंज येते, त्यांचा बटणांचा मोबाईल कायम तिथंच असतो. रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. आत्यांना ऐकायला चांगलं येतं. अंगणात असल्या तरी त्या फोन उचलतात. तिसऱ्यांदा लावला, तरी नाही. शेजारणीला लावला तर तिचा लागतच नव्हता, ती शेरडं घेऊन वर माळावर गेलेली असणार. यांना लावला. हे कुठंतरी लांब होते, म्हणाले, काही होत नाही, उगाच जीव खालीवर करू नकोस. मी त्यांच्यावर एवढी ओरडले की शाळेतल्या बाई उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

सारोळ्याहून एका टेम्पोवाल्याला हात केला, किकवीला उतरले. किकवीहून भोरची गाडी मिळायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी काय काय बघितलं ते लिहवत नाही. भोरला पोचले तर आमच्या बाजूची एसटी नुकतीच लागली होती. चढले आणि खिडकी धरून बसले. तोवर फोन सात वेळा लावून झाला होता. घर जळलं असतं तर मोबाईलची रिंग वाजलीच नसती, असं एक मन सांगत होतं. दुसरं म्हणत होतं, मोबाईल पुढच्या खोलीत आहे, आग मागं आहे. त्या दुसऱ्या मनाला गप्प करायला माझ्याकडे काही नव्हतं.

धरण मागं पडलं आणि मी डोंगराकडं बघितलं तर सगळीकडं धूर. राब भाजायचे दिवस होते. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, आमच्याकडं पावसाच्या आधी प्रत्येकजण ते करतो. एरवी त्या धुराकडं माझं लक्षही जात नाही. त्या दिवशी मी एकेक धूर मोजत होते. हा खालच्या वाडीचा, हा ओढ्यापलीकडचा, हा कुणाचा? आमच्या वस्तीच्या अंगाला एक जाडसर धूर वर चढत होता. मी कंडक्टरना विचारलं, तो कुठला धूर असेल? ते म्हणाले, राब असंल, ताई. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं. मग ते माझ्याकडं बघत राहिले आणि शेजारच्या बाईंनी माझा दंड धरला.

वळणावर उतरले आणि चढ चढायला लागले. वर घर दिसलं. छप्पर जाग्यावर होतं, धूर मागच्या शेतातून येत होता. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात मला गाय दिसली. ती बांधावर मोकळी चरत होती. गळ्यात दावं नव्हतं. थोड्या अंतरावर दोन्ही बैल, तेही मोकळे, राखायला कुणी नाही. आमच्याकडं दावणीची जनावरं अशी कुणी सोडून देत नाही. आत्या तर नाहीच. त्यांनी जनावरं अशी एकदाच सोडली होती, आणि ती का ते मला माहीत होतं.

मी धावले. चप्पल कुठं गेली कळलं नाही. दार उघडं होतं. आत मटणाचा गोडसर वास भरून राहिला होता, आणि स्वयंपाकघरात आत्या जमिनीवर बसल्या होत्या, कुकरच्या समोर. सुजलेला पाय लांब केलेला. उजव्या हाताशी पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली, मांडीवर विळा. लाल दिवा लागलेला होता. त्यांची नजर त्या दिव्यावरून हलत नव्हती. मी हाक मारली तरी त्यांनी आधी मान वळवली नाही.

मी पुढं होऊन पिन काढली. ती तापली होती, बोटाला चटका बसला, पण बोर्ड शाबूत होता. मग माझी नजर बादलीवर गेली. ते पाणी त्यांनी त्या बोर्डावर ओतलं असतं तर. मी तिथंच त्यांच्यासमोर बसले.

सकाळी मी गेल्या गेल्या त्या कामाला लागल्या होत्या. गुरं सोडली, बादली भरली, आणि पाटसुद्धा न घेता तशाच खाली बसल्या. भाकरी झाकून ठेवलेली होती तशीच होती. फोन वाजताना त्यांनी प्रत्येक वेळी ऐकला होता.

"कुणाचं तरी काईतरी झालं आसंल, आसं वाटलं," त्या म्हणाल्या. "पर ह्ये सोडून कसं जायाचं?"

म्हणजे माझ्या फोननं त्या सात वेळा घाबरल्या होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवायला गेले. त्या उठेनात. मग मला दिसलं की लुगडं भिजलेलं आहे, आणि ते बादलीच्या पाण्यानं नाही. त्या तेवढ्यासाठीसुद्धा जागच्या हलल्या नव्हत्या.

मी उठले. न्हाणीत पाणी काढलं, त्यांना धरून नेलं, अंगावर पाणी घातलं, पाठ चोळली. इतक्या वर्षांत मी त्यांची पाठ पहिल्यांदाच बघत होते. हाताची जळकी कातडी पाण्यानं मऊ झाली होती. रडू येत होतं ते मी पाण्याच्या आवाजात उरकून घेतलं. मग विचारलं, आत्या, एवढी भीती वाटत होती तर पिन का नाही काढली?

त्यांनी तोंडावरचं पाणी हातानं पुसलं.

"तू हात लावू नगं म्हनली व्हतीस," त्या म्हणाल्या. "आता रागावनार न्हाईस न्हवं?"

पेटत्या गोठ्यात शिरलेली बाई ही. घराचा तो नियम त्यांनी घातला, सगळ्यांना तो पाळायला लावला, मी नवी सून होते तेव्हा त्यांच्या आवाजानं माझ्या हातातली भांडी पडायची. दिवसभर त्या आगीसमोर बसल्या होत्या आणि ती विझवायला एक बोट पुरलं असतं. ते बोट त्यांनी उचललं नाही, कारण त्यांना आगीपेक्षा माझी भीती जास्त वाटत होती.

मी म्हटलं, नाही रागावणार. त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं, मी खरं बोलतेय का ते पाहायला, आणि मग टॉवेलसाठी हात पुढं केला.